खिडकीच्या काचेवरची माशी

कचेरीत तिला माशीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण इतक्या मोठ्याने, की तोंडावर म्हटलं असतं तरी फरक पडला नसता. घरी आत्या म्हणायची, जग माशा मारत बसतं, आमची ही माशा ओळखत बसते. मारणाऱ्याला निदान काहीतरी केल्याचं समाधान. आत्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं आणि त्याचा तिने आयुष्यभर पुरेपूर फायदा घेतला होता. बोलायचं, आणि उत्तर ऐकायची जबाबदारी नाही.

बाईंना मात्र कामाची लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. मामाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात त्या वाढल्या. एका डोळ्याला भिंग लावून केसासारखी स्प्रिंग चिमट्याने जागेवर बसवायची, तेवढा वेळ श्वास रोखायचा आणि बसली की मगच सोडायचा, एवढं शिक्षण त्यांना शाळेच्या आधी मिळालं. पुढे एकदा वनस्पती-तपासणी कचेरीतले सर बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आले. मुलीचा हात बघत उभे राहिले, आणि घड्याळाचं विसरून मामाला म्हणाले, ही मला द्या. तिला म्हणाले, "तिथंही हेच आहे. फक्त लहान, आणि मेलेलं." मामाने घड्याळ दुरुस्त केलं आणि भाचीही दिली. दोन्ही वस्तू बरीच वर्षं बिनतक्रार चालल्या.

सर जाऊन आता काही वर्षं झाली होती. त्यांचा फोटो टेबलासमोरच्या भिंतीवर होता. रुंद कपाळ, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले डोळे, आणि समोरच्याचं नाव आपल्याला आधीच ठाऊक असल्याचा भाव. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांनी हयातीत उच्चारले नाहीत, असं कचेरीत कौतुकाने सांगत. बाईही सांगत. त्यांची जागा, त्यांची खुर्ची आणि त्यांचा मायक्रोस्कोप बाईंकडे आला होता.

त्या मायक्रोस्कोपचंच थंडीच्या सुरुवातीला काहीतरी बिनसलं.

मायक्रोस्कोपला वर दोन नळ्या असतात, दोन डोळ्यांसाठी. बघणाऱ्याच्या डोळ्यांत जेवढं अंतर तेवढं त्या नळ्यांत ठेवावं लागतं. नाहीतर एका डोळ्याला माशी दिसते आणि दुसऱ्याला काळोख. बाईंचे डोळे जवळजवळ होते. ("तुझा एक डोळा दुसऱ्यावर नजर ठेवून असतो," इति आत्या.) संध्याकाळी त्या नळ्या आपल्या मापाला लावून, वर आच्छादन घालून घरी जात. सकाळी आच्छादन तसंच असे, घडीसुद्धा मोडलेली नसे, आणि आत नळ्या फाकलेल्या. चांगल्या रुंद. एखाद्या रुंद चेहऱ्याच्या माणसाने निवांत बसून बघावं आणि उठून जावं, तशा.

किल्ल्या शिपाईमामांकडे असत. त्यांना विचारलं तर ते दुखावले. म्हणाले, बाई, मला वर्तमानपत्र वाचायला चष्मा मिळेना, मी माशी कुठे बघत बसू. मग मेकॅनिक आला. त्याने स्क्रू घट्ट असल्याचा निर्वाळा दिला आणि जाताना तोच स्क्रू थोडा ढिला करून गेला. तरी सकाळी नळ्या रुंदच.

बाईंनी फोटोकडे बघितलं, आणि मनातल्या मनात निकाल लावला: सर. कामाची ओढ असलेला माणूस, करमत नसेल. पण निकाल पुरता बसेना. सर वक्तशीर होते. यायचंच असतं तर गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी आले असते. मध्ये इतकी वर्षं रजेवर राहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. बाई रोज सकाळी नळ्या जवळ आणत, आणि त्या वेळी मानेवर कुणाच्या तरी उभं राहण्याचा थंडावा जाणवे. त्या वळून बघत नसत. वळून बघितलं आणि कुणी नसलं तर काय करायचं, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

अशाच एका सकाळी वाटाणेवाली आली.

गावाच्या कडेला वाटाण्याच्या मळ्यांची एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना जाळीच्या शेड, मधून चिखलाची वाट. तिथली ही बाई, चाळिशीच्या आतबाहेरची, रुंद चेहऱ्याची, हातात कागदाची पिशवी. पिशवीत वाटाण्याची पानं, आणि पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा. नागअळी. अळी पानाच्या दोन कातड्यांच्या मध्ये राहते आणि आतलं हिरवं खात पुढे सरकते. मागे पांढरी वाट उरते. ही वाट सुरुवातीला केसाएवढी असते आणि पुढे रुंद होत जाते, कारण चालणारा वाटेतच मोठा होत असतो. वाट संपते तिथे तो कोष करून झोपतो, आणि माशी होऊन निघून जातो. बाईंना माशीपेक्षा ही पानं बघायला अवघड जात. घरात कुणी नाही, आणि कुठून कुठे गेला हे सगळं जमिनीवर उमटलेलं.

"गल्लीतले म्हणत होते, जाऊ नकोस," वाटाणेवाली म्हणाली. "म्हटलं, बाबा आले होते, मीही जाते."

तेव्हा बाईंना ती कोण ते कळलं. माशीवाल्याची मुलगी.

गोष्ट जुनी होती, पण गल्लीत ती अजून वापरात होती. वाटाण्यावर दोन नागअळ्या पडतात. एक इथलीच, नुकसान करते, पण उपाशी मारत नाही. दुसरी परकी, ती एकदा घुसली की भाजी, फुलं काही सोडत नाही, म्हणून तिच्यासाठी कायदा आहे. ती सापडली की पीक उपटायचं, जाळायचं, जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं आणि दोन हंगाम तिकडे बघायचं नाही. दोघींच्या माशा दिसायला अगदी एक. फरक फक्त नराच्या पोटाच्या टोकाशी, तोही पोट कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून, ग्लिसरीनच्या थेंबात सुईने उलगडल्यावर. मादीवरून तर ओळख पटतच नाही.

त्या वेळी या बाईचे वडील असेच आपणहून पानं घेऊन आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. सरांनी त्यांच्या पानांतून निघालेला नर उलगडला आणि सांगितलं, परकी. सगळी गल्ली जळाली. तपासणीची माणसं यायच्या आधी त्या माणसाने स्वतःचे वेल स्वतः उपटले, पण शेजाऱ्यांच्या हिशेबी ते धरलं गेलं नाही. ज्याच्या पानात माशी सापडली त्याने ती आणली, इतकं साधं गणित. तेव्हापासून त्याचं नाव माशीवाला. लोक त्याच्या बांधावरून जायचं टाळत. परत पिकं उभी राहिली, नाव काही गेलं नाही.

बाईंना त्या दिवसांतला एक प्रसंग आठवत होता. त्या तेव्हा नवख्या, कोपऱ्यात बरण्या धूत होत्या. वेल जळून गेल्यावर तो माणूस एकदा कचेरीत आला. तक्रार नाही, भांडण नाही. टोपी हातात धरून म्हणाला, मला ती माशी एकदा बघू द्या. सर म्हणाले, हा काही गंमत बघण्याचा डबा नाही. तो थोडा वेळ मायक्रोस्कोपकडे बघत उभा राहिला आणि गेला. एवढंच. काही न घडलेले प्रसंग माणसाच्या का लक्षात राहतात, हे बाईंना कधी उमगलं नाही.

"बाबा कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"गेले. थंडी पडायला लागली तेव्हाच."

बाईंनी पिशवी घेतली.

कचेरीचा नियम वाटाणेवालीला त्यांच्याहून चांगला ठाऊक होता. ज्या जागी परकी माशी एकदा सापडली, तिथली पुढची कुठलीही नागअळी परकीच समजायची. तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. सिद्ध व्हायला एक नर हवा. मिळाला नाही तर गल्ली पुन्हा जळणार, आणि या खेपेला माशी आणली म्हणायला माशीवाल्याची मुलगी हाताशी होतीच.

पानं बरणीत घातली, तोंडाला पातळ फडकं बांधलं, आणि बरणी उबेच्या खोलीत ठेवली. कोष पानातच होते. एकेक उघडायला लागला. डबीचं झाकण उघडावं तसा टोकाचा तुकडा उचलून माशी बाहेर येते. पहिली मादी. दुसरी मादी. नंतरच्याही माद्याच. घरी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "सगळ्या बायकाच आहेत तर पुरुष कशाला हवाय?"

"ओळख पटायला," बाई तिच्या कानाशी ओरडल्या.

"वा," आत्या म्हणाली. "म्हणजे तिथंही तसंच."

साहेब रोज दारातून डोकावून जात. कचेरीचे हे साहेब वाईट नव्हते. फक्त ज्या कागदावर सही करायची तो कागद भरलेला असावा, एवढीच त्यांची जीवनाकडून अपेक्षा होती. ते म्हणाले, आठवडाभरात नाव द्या बाई, नाहीतर नियमाने जावं लागेल. नियमाने म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनी ते उच्चारलं नाही.

शेवटी बरणीत एक कोष उरला. त्यातून जे बाहेर आलं ती माशीच नव्हती. काळीभोर, चमकदार, कमरेत बारीक अशी एक इवलीशी गांधीलमाशी. अळीच्या अंगात अंडं घालणारी, अळीला आतून खाऊन तिच्याच कोषात झोपणारी. घर एकाचं, बाहेर येतो दुसराच. बाईंनी असे प्रकार पुष्कळ बघितले होते. त्यांनी रिकामा कोष मायक्रोस्कोपखाली धरला. (नळ्या अर्थातच रुंद होत्या, त्यांनी जवळ आणल्या.) झाकण जागच्या जागी बंद होतं आणि वरच्या बाजूला एक गोल भोक. गांधीलमाशीला कोषाचं झाकण ठाऊक नसतं. ती भिंत कुरतडून निघते. चोर जातो तसा, दार सोडून.

नर मिळाला नाही. आता निदान सरांचा जुना नर काढून ठेवावा, साहेबांनी मागितला तर हाताशी असावा, म्हणून त्यांनी कपाटातला खण ओढला. टाचणीवर त्या माशीचं पोट नसलेलं शरीर, खाली ग्लिसरीनच्या बारीक नळीत पोट, आणि त्याखाली सरांच्या अक्षरातली चिठ्ठी: परकी. वाटाणा. गल्लीचं नाव. हा नर तर खराखुरा परकाच होता. बाईंनी तो कितीदा बघितला होता. शेजारी एक फुगीर लिफाफा. सर काटेकोर, नमुन्यातलं एक पान कधी टाकत नसत. शेवटच्या वर्षांत ते हा खण मांडीवर घेऊन बसलेले बाईंनी पाहिले होते. त्यांना वाटे, अभिमान. लिफाफा मात्र सरांनी कधी उघडलेला त्यांना आठवत नव्हता.

बाईंनी उघडला. माशीवाल्याची पानं. तपकिरी झालेली, कागदासारखी, पण वाटा तशाच: केसाएवढ्या सुरू झालेल्या, रुंद होत गेलेल्या. प्रत्येक वाटेच्या शेवटी कोष. त्यांनी पहिलं पान काचेखाली सरकवलं.

गोल भोक.

दुसऱ्या पानावर गोल भोक. मग त्यांनी घाई केली नाही. घड्याळाची स्प्रिंग बसवताना करत तसं श्वास धरत, सोडत, एकेक पान बघत गेल्या. काही कोष न उघडताच वाळलेले. बाकी सगळ्यांना भोकं. झाकण उचललेला कोष त्या लिफाफ्यात एकही नव्हता. माशीवाल्याच्या पानांतून एकही माशी बाहेर पडलेली नव्हती. सगळ्या गांधीलमाश्या.

मग हा नर कुठून आला?

उत्तर शेजारच्याच खोलीत होतं. उबेच्या खोलीला एक खिडकी होती. बरणीतून निसटलेली माशी उजेडाकडे जाते आणि काचेवर बसते. तिथे ती सापडली की कुठल्या बरणीची, असा प्रश्न येई. आणि सरांची पद्धत होती, फडकी चाचपायची, जे ढिलं लागेल त्या बरणीची ती माशी. ही पद्धत बाईंना वर्षानुवर्षं अगदी शहाणपणाची वाटली होती. त्या हंगामात वाटाण्याच्या बरणीशेजारी बंदरातून आलेल्या फुलांच्या बरण्या होत्या. परकी माशी ज्यांच्यात असण्याची शक्यता होती अशा. फडकी सर स्वतः बांधत. दुसऱ्याच्या गाठीवर त्यांचा भरवसा नव्हता. आणि खिडकीवरच्या माशीला "माहीत नाही" म्हणणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

समोर फोटो. या माणसाने त्यांना दुकानातून उचलून इथे बसवलं होतं. खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी होती, आणि मानेवरचा तो थंडावा. पण आता त्यात घाई जाणवत होती. कुणीतरी फार वेळ रांगेत उभं आहे आणि नंबर जवळ आला आहे, तशी.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः दोन पानं बघितली, आणि खुर्चीत मागे टेकले.

"बाई, मेलेल्या माणसाची चूक काढून काय मिळणार?"

"जिवंत माणसाचे वाटाणे," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, सरांचं नाव आहे, त्यांच्या ओळखींवर कचेरी उभी आहे, एक वीट काढली तर लोक भिंत ढकलून बघतील. हे खोटं नव्हतं. बाई म्हणाल्या, वीट काढायची नाहीच. त्यांच्या कामात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. कितीही चुकीची असो, ती टाचणीवर राहते. नवी चिठ्ठी तिच्या खाली लावायची, लावणाऱ्याच्या सहीने. वाचणारा दोन्ही वाचेल. साहेबांना हे आवडलं. काही न काढता काही बदलण्याची सोय त्यांना नेहमीच आवडे. त्यांनी गल्लीवरचा जुना शेरा मागे घेतला. शेरा गेला, तशी समजूतही गेली. नर नसला तरी वाटाणेवालीच्या शेडवर आता परकीचा आरोप उरला नाही. सही करताना ते एवढंच म्हणाले, की तुमचंही नाव लागतंय बाई, उद्या कुणी तुमच्याही खाली लावेल.

"लावू दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी नखाएवढ्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं: माशी परकी. वाटाण्यातली नव्हे. खिडकीवर सापडलेली, कुठली, माहीत नाही. सरांच्या कपाटातला तो पहिलाच "माहीत नाही".

त्या संध्याकाळी त्यांनी नळ्या आपल्या मापाला लावल्या. सकाळी त्या रुंद होत्या. बाईंना वाईट वाटलं. चिठ्ठी लावली, आता अजून काय हवंय सरांना, असं त्या फोटोला विचारणार तोच वाटाणेवाली दारात आली. निरोप तिला मिळाला होता, पण तिला तो बाईंच्या तोंडून ऐकायचा होता. नळ्या तशाच राहिल्या.

"तुमची शेड राहील," बाई म्हणाल्या. "इथलीच आहे, असं धरलंय."

तिने मान हलवली. आनंद झाला असेल, पण तो दाखवायची तिच्या घरात सवय नसावी. उभीच राहिली. मग म्हणाली, "आणि बाबांची?"

बाईंनी हा प्रश्न येणार हे धरलं होतं आणि उत्तरही घोकून ठेवलं होतं, त्यात प्रक्रिया, परिस्थिती असे शब्द होते. आयत्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही.

"त्यांच्या पानांतून माशी निघालीच नव्हती," त्या म्हणाल्या. "ती इथे, उबेच्या खोलीतल्या खिडकीवर सापडली होती. त्यांनी काही आणलं नव्हतं."

वाटाणेवाली उघड्या दारातून त्या खिडकीकडे बघत राहिली. खिडकी साधी होती, काच पुसलेली. बाहेर शिपाईमामा सायकल पुसत होते.

"हे गल्लीत येऊन सांगाल?"

"सांगेन."

"सगळ्यांसमोर. मी सांगून चालायचं नाही."

"सगळ्यांसमोर सांगेन."

तिने पुन्हा मान हलवली. जायला वळली आणि दारातून परत आली. "शेवटी शेवटी बाबा एकच धरून बसले होते," ती म्हणाली. "माझी माशी मला कुणी दाखवली नाही म्हणायचे. मी बघू का?"

बाईंनी खण काढला. टाचणी काचेखाली ठेवली, दिवा लावला, आणि खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली. मग लक्षात आलं, नळ्या लावून द्यायला हव्यात. नवख्या माणसाला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. अर्धा काळोख दिसतो आणि तो घाबरतो. त्या हात पुढे करणार, तेवढ्यात वाटाणेवालीने वाकून दोन्ही डोळे टेकवले. कशालाच हात लावला नाही.

"दिसतं," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी. अगदी स्वच्छ."

बाईंचा हात हवेतच राहिला. त्यांनी त्या वाकलेल्या रुंद चेहऱ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. दूरदूर डोळ्यांची माणसं जगात पुष्कळ असतात; एकाच घराण्यात तर असतातच. टोपी हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. टोपी आठवली. चेहऱ्याकडे तेव्हा कुणी बघितलंच नव्हतं, त्यांनीही नाही.

वाटाणेवाली खूप वेळ बघत होती. एकटीने बघायला लागावा त्याहून जास्त. बाईंनी तिला उठवलं नाही. मानेवरचा थंडावा आज नव्हता. तो पुढे, खुर्चीपाशी गेला असावा, असं वाटलं, आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या, जागा द्यायला.

"एवढीशी," शेवटी ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते बाईंनी विचारलं नाही.